दिसत नाही म्हणाले म्हणून

मी केलं म्हणतोय ना, साहेब. लिहा की. पेन का थांबलं? इतकं सरळ उत्तर तुम्हाला परवाना विभागाच्या नोकरीत कुणी दिलं नसेल. चौकशीला कुणाच्याही दारात जा—आधी पाणी विचारतात, मग पंखा लावतात, मग म्हणतात मालक बाहेरगावी गेलेत. इथे मालक तुमच्यासमोर बसलाय, पंखा सकाळपासून चालू आहे आणि गुन्हा माझा आहे. परवाना नसताना मी उपग्रहाकडे सिग्नल सोडला, तो भलत्याच्याच जागेवर जाऊन बसला आणि अंतिम सामना ऐन रंगात असताना घराघरातले टीव्ही काळे पडले. झालं. दंड करा, दुकानाला टाळं लावा—कुलूपसुद्धा मी देतो, चांगलं दणकट आहे. पण परवान्यावर ज्यांचं नाव आहे त्या माझ्या वहिनी, त्यांना यात ओढायचं नाही. दुकान माझं, चूक माझी, शिक्षा माझी. एवढं लिहा आणि खाली सही कुठे करायची ते दाखवा.

काय? रेकॉर्डिंग आहे? हो, असणारच, उपग्रहाच्या कंट्रोल रूमचे सगळे फोन टेप होतात, ते मला माहीत आहे—बाईचा आवाज आहे म्हणता? हां. त्याचं असं आहे, साहेब, फोनवर माझा आवाज बारीक येतो. लहानपणापासून. गॅसवाल्याला फोन केला की तो ‘बाई, पत्ता सांगा’ म्हणतो. मागे एकदा कुठल्याशा बँकेतल्या मुलीनं मला मॅडम मॅडम करत साड्यांवर सूट देणारं कार्ड घ्यायला लावलं, घेतलं, काय करता. आत्ता? आत्ता कसा येईल बारीक, आत्ता आपण समोरासमोर आहोत. मी फोनवर म्हटलं. हसा, हसा, माझं बोलणं तसंच आहे, पंचवीस वर्षं गिऱ्हाईक त्याच्यावरच बसवून ठेवलंय. पण हसून झालं की लिहा.

बरं, तुम्ही त्या कागदावर ‘फ्रीक्वेन्सी चुकली’ एवढंच लिहिलंय. चुकली म्हणजे काय झालं? तुम्ही कायद्याच्या बाजूचे, तुम्हाला माहीत असायचं कारण नाही, त्यात कमीपणा काही नाही. मलासुद्धा कुठल्या कॉलेजनं शिकवलेलं नाही. मी हा माल विकता विकता शिकलो—चार वेळा खोटं बोलून विकला, पाचव्यांदा गिऱ्हाईकानं डोक्यावर आणून आपटला, तेव्हा मुकाट्यानं शिकलो. हा डबा उचलून बघा. दोन्ही हातांनी, जड आहे. पाठीला हे कंगोरे आहेत ना, ते उष्णता बाहेर टाकायला. हा वर चढवणारा डबा. डिशच्या तोंडाशी बसतो. आता खोलीत टेबलावर जे मोडेम असतं ते बोलतं खालच्या पट्टीत—पट्टी म्हणजेच तुमची ती फ्रीक्वेन्सी—कारण खोलीतून छपरावर जायची केबल खालच्याच पट्टीतलं नेऊ शकते. उंच पट्टीतलं काही तिच्यात घातलं की वाटेतच त्याचा जीव जातो. आणि उपग्रहाला लागतं उंच. मग करायचं काय? खोलीतून खालच्या पट्टीत पाठवायचं आणि छपरावर हा डबा त्याला उचलून वर नेऊन सोडतो. कसं? याच्या पोटात एक सूर अखंड वाजत असतो, एकच, ठरलेला, थंडी असो ऊन असो तसूभर हलायचा नाही. आलेल्या सिग्नलमध्ये तो सूर मिसळला की बेरीज होते. खालचा आकडा अधिक डब्याचा आकडा, बरोबर वरचा आकडा.

नाही आलं लक्षात? लिफ्ट समजा. पण अशी लिफ्ट जिला बटणंच नाहीत, कुठूनही बसा, ती दहाच मजले वर नेते. पहिल्यावर बसलात, अकराव्यावर उतराल. तिसऱ्यावर बसलात, तेराव्यावर. आत बसणाऱ्याचे कपडे बदलत नाहीत, हातातली पिशवी बदलत नाही, फक्त मजला बदलतो. ही झाली गंमत. आता समजा इमारतीच्या मालकानं लिफ्ट बदलली, नवी आणली ती बारा मजले नेणारी. आणि तुम्ही आपले जुन्या हिशेबानं तिसऱ्यावर बसलात, तेराव्यावर उतरू म्हणून. दार उघडलं तर पंधरावा. तुम्ही बिनधास्त किल्ली काढून आत शिरताय आणि तिथे परक्यांच्या घरी माणसं जेवायला बसलीत. अगदी तसंच झालं त्या दिवशी. जुने डबे बारा आठशेचे यायचे, म्हणजे बारा हजार आठशे मेगाहर्ट्झचे, आता येतात ते तेरा पन्नासचे, तेरा हजार पन्नास. खाणीवरच्या उपग्रह केंद्रात जुना डबा जळाला म्हणून मी नवा दिला. मोडेमला सांगावं लागतं ना, की बाबा छपरावर अमुक आकड्याचा डबा आहे, त्या बेतानं बोल—तिथे जुना आकडा घातला गेला. बोटांनी घातला. वर्षानुवर्षं तोच घालणाऱ्या बोटांनी.

माझ्या बोटांनी. मी माझ्याच बोटांबद्दल बोलतोय.

आणि खाली उतरवणारा डबा हा, हा मुठीएवढा. याचं काम उलटं, वजाबाकीचं. आभाळातून जे येतं ते इतकं अशक्त होऊन येतं, साहेब, की आजाऱ्याला कसं आधी उठवून बसवतात, दोन घोट पाजतात आणि मगच काय झालं ते विचारतात, तसं हा आधी त्याला थोडा जोर देतो, मग पट्टी खाली आणतो, मग केबलमध्ये सोडतो. बोलायची पट्टी वेगळी, ऐकायची वेगळी, ती एक ठेवायचीच नाही. उपग्रह वरून हेच करतो, आलेलं खालच्या पट्टीत घेऊन परत पाठवतो. का? तर ज्या पट्टीत ओरडायचं त्याच पट्टीत ऐकायला बसलात तर स्वतःच्या ओरडण्यापलीकडे काही ऐकूच येणार नाही. वहिनी हे शिकवताना मला म्हणायच्या, ‘भाऊजी, तुमचं घरात हेच चालतं.’ खरंय. मी बोलत सुटलो की ऐकायचं राहून जातं.

त्यांनीच शिकवलं मला, आणखी कोण शिकवणार? दादा—म्हणजे माझा थोरला भाऊ—दुकान टाकून दोन वर्षांत गेला. मी तेव्हा मिसरूड फुटलेला, अंगात मस्ती, डोक्यात भुसा. नातेवाईक म्हणाले दुकान विका, बाईमाणूस शिडीवर चढून डिश फिरवणार का? वहिनींनी पदर खोचला. शिडीवर चढल्या. मी खाली शिडी धरायची आणि गिऱ्हाईकाला बोलण्यात गुंतवायचं, वर त्यांनी काम करायचं—हीच आमची भागीदारी आजतागायत. परवान्याच्या परीक्षेला बसल्या तेव्हा शिपायानं त्यांना अडवलं, म्हणाला पालकांनी बाहेर थांबा. पास होऊन आल्या तरी मला तेच सांगून हसत होत्या. तर परवाना असा आलाय आमच्या घरात. आणि तो तुम्ही मला कागदावर ‘रद्द करणे’ म्हणून वाचून दाखवता.

बरं, पुढचं ऐका, कारण तुमचे टेपवाले तुम्हाला अर्धंच सांगतात. या धंद्यात एक शिरस्ता आहे. डिश लावली, तार जोडली, की लगेच बोलायचं नाही. आधी कंट्रोल रूमला फोन. मग नुसता एक बारीक सूर सोडायचा, त्यात मजकूर नाही, काही नाही, आणि जोर अगदी कमी—परक्या घरात शिरताना दारावर बोटाचं टोक वाजवावं तेवढा. तिकडचा माणूस पडद्यावर बघतो आणि सांगतो, ‘दिसलात, जागेवर आहात, या वर.’ मग थोडं वाढवायचं. पुन्हा विचारायचं. असं करत करत. याला आम्ही लाइन-अप म्हणतो. वहिनींनी ‘हॅलो’ म्हटलं की तिकडचा माणूस, कुठलाही असो, खुर्चीत सरळ बसतो. एकानं तर लग्नाची पत्रिका पाठवली होती, न बघता, नुसत्या आवाजावर. अशी लाइन-अप मी दुसऱ्या कुणाची बघितली नाही. सिग्नल चोराच्या पावलानं आत नेतात आणि जागेवर असा ठेवतात की शेजाऱ्याला चाहूल लागत नाही.

हो, मी म्हणालो त्या करतात. एरवी. त्या दिवशी मी केलं.

तर मी सूर सोडला. तिकडचा म्हणाला, दिसत नाही. कसा दिसेल? तो बघतोय तेराव्या मजल्यावर आणि सूर वाजतोय पंधराव्यावर. आता दिसत नाही म्हटल्यावर काय करायला हवं? थांबायला हवं. हात मागे, सगळे आकडे पुन्हा तपासायचे, पहिल्यापासून. पण दिसत नाही म्हणाले म्हणून जोर वाढवला. पुन्हा विचारलं. नाही दिसत. आणखी वाढवला. तिकडे पंधराव्या मजल्यावर लोकांचा सामना चाललाय आणि हा सूर त्यांच्या छातीवर चढत चाललाय. ‘बघा ना नीट, मी इथेच आहे’, ‘आता तरी दिसतेय का’—

दिसतोय का. दिसतोय का म्हणालो मी.

आणि तुमचा तो कंट्रोल रूमवाला, त्याला विचारलंत का तुम्ही? त्यानं एकदा तरी म्हणायला नको, की थांबा, तुमचा डबा कुठल्या आकड्याचा? पूर्वीचे लोक पहिला प्रश्न तो विचारायचे. हा नवा, पडद्याकडे बघून नाही-नाही करत बसला. तिकडे टीव्हीवाले दुसऱ्या फोनवर बोंबलतायत, शेजारच्या टेबलावर, हाताच्या अंतरावर, आणि याला दोन्ही गोष्टी जोडता येईनात. त्याच्यावर कारवाई आहे? नाही ना? वाटलंच. टाळं लावायला दुकानच सापडतं, कारण दुकानाला दार असतं.

त्या चिठ्ठ्या? त्या... मी चिकटवल्यात. प्रत्येक डब्यावर आकडा, मोठ्या अक्षरात, लाल मार्करनं. धंद्याला बरं. गिऱ्हाईकाला लांबून दिसतं. स्विचवर ‘दिवा’ लिहिलंय ते—तेही गिऱ्हाईकासाठी. साखरेच्या डब्यावर ‘साखर’? तुमची नजर भारी हो. मीच विसरतो, साहेब. वय झालं. मागच्या आठवड्यात चहात मीठ पडलं, वहिनी प्यायल्या, म्हणाल्या बरा झालाय, आणि मी—मीही म्हटलं बरा झालाय. आणि दुसऱ्या दिवशी बसून चिठ्ठ्या लिहिल्या. मीठ कुणी घातलं याच्याशी तुमच्या चौकशीचा काय संबंध? यंत्राचं विचारा.

नाही, खाणीचा रस्ता मला कसा माहीत असेल—म्हणजे माहीत आहे, घाटाचा आहे. त्या दिवशीच्या गाडीचा ड्रायव्हर काय म्हणाला? तो काहीही बोलतो. एकच बाई गाडीत होती म्हणाला? मागच्या सीटवर मी झोपलो होतो. मला घाटात मळमळतं, मी डोक्यावरून टॉवेल घेऊन आडवा होतो, त्याला गाठोडं वाटलं असेल. साहेब, कसं आहे, नेहमी मी सोबत असतो. हल्ली तर मी वहिनींना एकटं सोडतच नाही. त्या मोडेमसमोर बसल्या की मी शेजारी उभा राहून डब्यावरचा आकडा मोठ्यानं वाचतो, जसा काही माझ्याच पाठांतरासाठी वाचतोय, त्यांना लागू नये म्हणून, आणि त्या म्हणतात, ‘भाऊजी, काय चाललंय, मला दिसतं की.’ दिसतं, पण मी वाचतो. त्या दिवशी नेमका जहाजकंपनीचा माणूस आला, मोठी मागणी होती, मी म्हटलं तुम्ही व्हा पुढे, एक दिवस काय होतंय. मी असतो ना तिथे, तर—

पाणी पिता का?

बरं. कळलंय तुम्हाला, दिसतंय मला. मी माल विकणारा माणूस, समोरच्यानं मनात ‘नको’ ठरवलं की मला आधी कळतं. मग आता मोकळंच बोलतो. तुम्ही काय करणार ते मला माहीत आहे. परवाना नुसता रद्द नाही करणार, आधी त्यांना बोलावणार. लांबलचक टेबल, पलीकडे तीन माणसं, त्यातला एक डॉक्टर. विचारणार, आज वार कोणता, शंभरातून सात वजा करत जा, या तीन वस्तू लक्षात ठेवा, नंतर सांगा. माझ्या वहिनींना! पट्टीच्या बेरजा-वजाबाक्या त्या शिडीवर उभं राहून तोंडानं करायच्या, वारा सुटलेला, हातात पाना. त्यांना शंभरातून सात वजा करायला लावणार? आणि एखाद्या दिवशी चुकल्या तर तो डॉक्टर मान हलवून लिहून घेणार? मी होऊ देणार नाही. मला आत टाकलंत तरी चालेल, मी तिथे कैद्यांना डिश विकीन. पण त्या टेबलासमोर त्या बसणार नाहीत.

काय म्हणालात? आपणहून परत करायचा? ‘सन्मानानं’? वा. चांगला शब्द काढलात. हार घालणार, शाल देणार? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी? सकाळी उठून त्या खाली येतात, ती जळक्या सोल्डरच्या वासाची खोली उघडतात, चष्मा पुसतात आणि बंद पडलेला डबा समोर घेऊन बसतात. चुकेना का एखाद वेळेस, हात अजून बोलतात त्यांचे. कधी कधी मला दादाच्या नावानं हाक मारतात. मारू देत. मी ओ देतो. माझं काय जातं? पण डबा उघडला की त्या आजही त्याच असतात, ते मी रोज बघतो. ते काढून घेतलंत तर मग राहिलं काय त्या घरात—एक म्हातारी आणि तिला दिवसभर चिठ्ठ्या लिहून देणारा दीर. नाही. सन्मान तुमच्याजवळच ठेवा. मी ठरवलंय. दुकान गेलं तर गेलं, मी रस्त्यावर चार्जर विकीन. लिहा माझं नाव. तुम्हाला माणूस हवाय ना शिक्षेला? मी आहे. आवाज बाईचा आहे म्हणता, तर मी कोर्टात उभा राहून बाईच्या आवाजात बोलून दाखवीन, आहे तयारी. सिद्ध करा मी नव्हतो म्हणून—

वहिनी?

तुम्ही कधी आलात? काही नाही, हे साहेब जहाजकंपनीचे. माल बघायला आलेत. तुम्ही आत बसा, मी आलोच... नाही हो, कुठल्या चौकशीचे? तुम्ही काय ऐकलंत? मी गिऱ्हाईकाला गोष्ट सांगत होतो. वहिनी, आत चला. काही बोलू नका यांच्याशी. कशाला बोलायचं? ‘आकडा मी घातला’ वगैरे काही म्हणायचं नाही, तुम्हाला आठवत नाही नीट, मी होतो तिथे, मी—

गप्प बसा म्हटलं ना, वहिनी!

...

चुकलो. वहिनी, चुकलो मी. हात सोडा, मी नाही ओरडणार. कधी ओरडलो होतो का यापूर्वी? नाही ना. तुम्हाला सगळं आठवतं? बारा आठशे घातला तेही? मग मला का नाही बोललात इतके दिवस... मला वाईट वाटेल म्हणून? मला!

साहेब, ऐका काय म्हणतायत त्या. टेबलासमोर बसायला तयार आहेत म्हणतायत. डॉक्टर असो की आणखी कुणी. म्हणतायत, भाऊजींच्या नावानं एक अक्षर लिहायचं नाही, सिग्नल कुणी सोडला ते सोडणारा सांगेल, आणि परवाना ठेवायचा की नाही ते माझ्या तोंडावर विचारा.

बसा वहिनी, इथे माझ्या जागेवर बसा. साहेब, तो पहिला कागद फाडा, दुसरा घ्या. आणि पेन सावकाश चालवा, त्या मधेच थांबल्या तर थांबू द्यायचं, शब्द तोंडात घालायचा नाही, आणि घाई दिसली तर मी तुम्हाला हात धरून बाहेर काढीन, परवाना विभाग गेला खड्ड्यात. विचारा आता. त्यांना विचारा, माझ्याकडे काय बघताय? मी काही बोलत नाही.